गरीब रुग्ण आणि फोनवरची आरोग्यसेवा: बेळगाव सीमाभागातील मदतनीसांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे कोणासाठी आहेत?

आशाताई, गल्लीतील युवक मंडळांचे कार्यकर्ते, महिला बचत गटांच्या प्रमुख, दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर बसणारे कर्मचारी आणि घरातील शिकलेली नातवंडे यांच्यासाठी ती लिहिली आहेत. बेळगाव शहर, खानापूर तालुका आणि निपाणी परिसरातील मराठी कुटुंबांना फोनवरून आरोग्यसेवा घेण्यास मदत करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, तेच येथे घेतले आहेत.

डिजिटल आरोग्य साधने म्हणजे नेमके काय? रुग्णाला ती सगळी शिकवायची का?

सगळी शिकवू नयेत. आभा क्रमांक (दवाखान्यांतील नोंदी एकत्र सापडाव्यात म्हणून मिळणारी आरोग्य-ओळख), त्याच्या आधारे दवाखान्यात क्यूआर कोड स्कॅन करून मिळणारे टोकन, ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा मोफत सल्ला, बाळाच्या लसीकरणाची यू-विनवरील नोंद, टेलिमानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आणि प्रयोगशाळेकडून व्हॉट्सॲपवर येणारा रिपोर्ट, एवढ्या गोष्टी सध्या या भागातील रुग्णाच्या वाट्याला येतात. त्यातील ज्या एका गोष्टीने त्या घराची या महिन्यातील एखादी खेप वाचणार आहे, तिथूनच सुरुवात करावी. मधुमेह असलेल्या आजोबांना यू-विन दाखवण्यात अर्थ नाही आणि बाळंतिणीला पहिल्याच दिवशी आभा समजावत बसण्यातही नाही. तिच्या हातात तायी कार्ड (गरोदरपणाच्या आणि बाळाच्या नोंदींचे कार्ड) आहे, बाळाच्या पुढच्या डोसची तारीख तिला हवी आहे आणि तेवढीच फोनवर दाखवली तर ती स्वतःहून दुसरा प्रश्न विचारते.

आम्ही इतके समजावूनही रुग्ण ‘नको’ का म्हणतात? त्यांना त्याचे महत्त्व कळत नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो बहुधा थोड्या वैतागाने विचारला जातो. आमचा अनुभव असा की गरीब रुग्ण नको म्हणतो तेव्हा त्यामागे अडाणीपणा क्वचितच असतो. त्याने मनातल्या मनात हिशोब केलेला असतो आणि तो हिशोब आपल्याला माहीत नसतो.

वडगाव-शहापूरच्या यंत्रमागावर काम करणाऱ्याला विणलेल्या साडीमागे पैसे मिळतात आणि निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. त्यामुळे दवाखान्यात गेलेला अर्धा दिवस सरळ मजुरीतून जातो. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील महिलांना राज्याच्या साध्या बसमधून तिकीट लागत नाही, म्हणून ‘फोनवर दाखवा, बसभाडे वाचेल’ हा आपला आवडता युक्तिवाद बायकांपुढे निकामी ठरतो. तिचे भाडे वाचलेलेच असते, जाते ती मजुरी. हाच युक्तिवाद तिच्या नवऱ्यापुढे मात्र लागू पडतो, कारण त्याला तिकीट काढावे लागते. माणूस बदलला की फायदा बदलतो, म्हणून आधी समोरच्याचा दिवस कसा जातो ते विचारावे आणि मगच फोन बाहेर काढावा.

दुसरे कारण विश्वासाचे आहे. आधार द्या, अंगठा द्या, ओटीपी सांगा, असे म्हणत याआधी पुष्कळ लोक दारात येऊन गेलेले आहेत आणि त्यातील प्रत्येकाने काही तरी मिळवून देण्याचे कबूल केले होते. तुम्ही त्या रांगेतले शेवटचे आहात, हे धरूनच बोलावे. तिसरे कारण लाजेचे. वाचता येत नाही हे सुनेसमोर किंवा शेजारणीसमोर उघड होऊ नये म्हणून कित्येक बायका ‘फोन पोराजवळ असतोय की’ एवढेच म्हणून विषय संपवतात. अशा वेळी आग्रह न करता दुसऱ्या दिवशी ती एकटी असताना जावे.

आभा कार्ड काढले म्हणजे पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात का?

नाही. या एका गैरसमजामुळे जेवढा मनस्ताप होतो तेवढा दुसऱ्या कशानेही होत नाही, म्हणून तो पहिल्याच भेटीत दूर करावा.

आभा हा १४ अंकी क्रमांक आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन या २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या कार्यक्रमाखाली तो मोफत मिळतो आणि त्याचे काम एवढेच की वेगवेगळ्या दवाखान्यांतील तुमच्या नोंदी एका ओळखीखाली सापडाव्यात. त्यातून एक रुपयाही मिळत नाही. आयुष्मान कार्ड ही वेगळी गोष्ट आहे. ते उपचारांच्या खर्चाचे कार्ड आहे. कर्नाटकात केंद्राची आणि राज्याची योजना २०१८ पासून एकत्र राबवली जाते. तिच्यात बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, तर एपीएल कुटुंबाला ठरलेल्या पॅकेज दराच्या ३० टक्के मदत मिळते आणि तिची वार्षिक मर्यादा दीड लाख रुपये आहे. नियोजित उपचारांसाठी आधी सरकारी रुग्णालयात जावे लागते आणि तेथे सोय नसेल तर त्यांच्या शिफारसपत्रावर खासगी रुग्णालयात जाता येते. तातडीच्या प्रसंगी ही अट आड येत नाही.

दोन्ही नावांत ‘आयुष्मान भारत’ आल्यामुळे गोंधळ होणारच. आम्ही समजावताना रेशनकार्ड आणि दवाखान्याची फाइल यांची उपमा देतो: आयुष्मान कार्ड म्हणजे रेशनकार्ड, त्यावर काही तरी मिळते, आभा म्हणजे फाइल, तिच्यात कागद राहतात. ही उपमा शंभर टक्के अचूक नाही, पण कार्ड दाखवूनही पैसे का भरावे लागले, असा प्रश्न नंतर येत नाही.

आम्ही सीमेवर राहतो. कर्नाटकात काढलेला आभा क्रमांक कोल्हापुरात चालतो का?

चालतो. निपाणीच्या माणसाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे आणि चंदगड तालुक्यातील लोक उपचारांसाठी बेळगावला येतात. एकाच आजाराचे कागद दोन राज्यांत विखुरलेले असणे ही इथली रोजची गोष्ट आहे. आभा क्रमांक देशभर एकच असतो, त्यामुळे त्याचा खरा उपयोग मोठ्या शहरातील माणसापेक्षा सीमेवरच्या माणसाला जास्त आहे, असे माझे मत आहे. अट एकच, की दोन्हीकडील रुग्णालये या व्यवस्थेशी जोडलेली असली पाहिजेत आणि तेथील संगणकात तुमची नोंद आभाशी जोडलेली असली पाहिजे. म्हणून नोंदणी करतानाच आभा क्रमांक सांगावा.

खर्चाच्या योजना मात्र राज्यांच्या हद्दी पाहतात. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला आणि त्यावरून दोन राज्यांत वादही झाला. त्या वादात मदतनीसाने रुग्णासमोर कोणतीही बाजू मांडू नये. रुग्णाला घेऊन निघण्यापूर्वी, ज्या रुग्णालयात जायचे आहे तेथील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदत-खिडकीवरील कर्मचाऱ्याला) फोन करून हे कार्ड या आजारासाठी आज तुमच्याकडे चालते का, एवढे विचारावे आणि उत्तर देणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे.

घरात फोन एकच आहे आणि ओटीपी दुसऱ्याच्याच नंबरवर जातो. काय करावे?

निम्म्या घरांत गाडी इथेच अडते. आधारला जोडलेला नंबर गोव्यात किंवा पुण्यात कामाला गेलेल्या मुलाचा असतो, किंवा कधी काळी घेतलेल्या आणि रिचार्जअभावी बंद पडलेल्या सिमचा असतो. मुलगा फोनवर सापडत असेल तर त्याला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गाठावे. ओटीपी थोडा वेळच चालतो, म्हणून मुलाला आधी फोनवर धरून ठेवावे आणि मगच बटण दाबावे. हे सांगण्याइतके मोठे नाही असे वाटेल, पण उलट क्रमाने केल्यामुळे एकाच घरात आम्हाला तीन फेऱ्या माराव्या लागल्या आहेत.

नंबर कायमचा बंद असेल तर आधार केंद्रात जाऊन नवा नंबर जोडून घेणे हाच खरा उपाय आहे. तोपर्यंत आभासाठी सरकारी रुग्णालयात बोटांच्या ठशावरूनही क्रमांक काढता येतो. त्यातही एक अडचण आहे. वर्षानुवर्षे तंबाखूची पाने हाताळणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, भांगलण करणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही. अशा वेळी बोटे ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून, अंगठ्याऐवजी दुसरे बोट लावून पाहावे, आणि तरीही जमले नाही तर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय तेथे आहे का ते विचारावे. यंत्राने ठसा घेतला नाही की बाई ओशाळते, जणू चूक तिचीच होती. त्या क्षणी तिच्याशी बोलत राहणे हेही आपले काम आहे.

आभासाठी संपर्काचा नंबर आधारच्या नंबराहून वेगळा देता येतो आणि एकाच फोन नंबरावर घरातील अनेकांचे आभा क्रमांक ठेवता येतात, हे पुष्कळांना माहीत नसते.

वेळ वाचावा म्हणून आम्हीच सगळे भरून दिले तर चालेल का?

मी हे केले आहे आणि पस्तावलो आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका गल्लीत बसून मी दोन संध्याकाळींत बऱ्याच जणांचे आभा काढून दिले, पासवर्ड मीच ठरवले आणि माझ्या वहीत लिहून ठेवले. सगळे खूश झाले, चहा झाला. चार महिन्यांनी त्यातील एक मावशी दवाखान्याच्या खिडकीपाशी उभी राहून मला फोन करत होती आणि माझी वही घरी होती. त्या गल्लीत एकाही माणसाला स्वतःचे खाते उघडता येत नव्हते. मी त्यांना साधन दिले नव्हते, माझ्यावर अवलंबून राहण्याची एक नवी सोय करून दिली होती.

आता नियम असा ठेवला आहे की फोन शेवटपर्यंत रुग्णाच्याच हातात राहील. आपण बोट दाखवायचे, दाबायचे त्यांनी. वेळ तिप्पट लागतो. ज्यांना अक्षरे वाचता येत नाहीत त्यांना चिन्हांची जागा आणि रंग ओळखीचा करून द्यावा, ॲप फोनच्या पहिल्याच पडद्यावर खालच्या कोपऱ्यात आणून ठेवावे आणि निघण्यापूर्वी सगळे बंद करून त्यांना एकदा स्वतः पहिल्यापासून उघडायला सांगावे. पासवर्ड किंवा पिन त्यांनी ठरवायचा आणि त्या वेळी आपण मान दुसरीकडे वळवायची. आपण मान वळवली हे त्यांना दिसते.

दवाखान्याचा संदेश कन्नडमध्ये आणि ॲप इंग्रजीत. मराठी वाचणाऱ्या रुग्णाने काय करावे?

तरुण पिढीला शाळेत कन्नड शिकावे लागते, त्यामुळे नातवंडे वाचून सांगतात. अडचण पन्नाशीपुढच्यांची आहे. फोनची मूळ भाषा सेटिंगमध्ये जाऊन मराठी करून दिली की बरीचशी ॲपे आणि कॉलची बटणे देवनागरीत दिसू लागतात, आणि कागदावरचे कन्नड फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून पाहता येते. औषध कधी आणि किती घ्यायचे हे मात्र यंत्राच्या भाषांतरावर सोडू नये. ते औषध दुकानदाराकडून किंवा परिचारिकेकडून तोंडी विचारून घ्यावे आणि गोळीच्या पाकिटावर मराठीत ‘सकाळ’, ‘रात्र’ असे पेनाने लिहून द्यावे. टेलिमानसवर २० भाषांत बोलण्याची सोय आहे आणि त्यात मराठी आहे. बेळगावातील बहुतेक डॉक्टरांना आणि परिचारिकांना कामापुरते मराठी येते, हाही इथला एक दिलासा आहे. फोनवर भेटणारे डॉक्टर राज्याच्या कोणत्याही जिल्ह्यातील असू शकतात, तिथे शेजारी कन्नड जाणणारे कोणी तरी बसवावे.

ई-संजीवनी कोणत्या आजारासाठी वापरावी आणि कशासाठी वापरू नये?

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, केंद्र सरकारने ही सेवा घरबसल्या वापरता येईल अशी खुली केली. मोबाइल नंबरने नोंदणी करायची, टोकन घ्यायचे, पाळी आली की व्हिडिओवर डॉक्टर भेटतात आणि शेवटी चिठ्ठी फोनमध्ये येते. दुसरा मार्ग उपकेंद्रातून जातो: तेथील आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून, रक्तदाब-साखर मोजून, मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांशी जोडून देतात. आमच्या मते गरीब आणि वयस्क रुग्णासाठी हा दुसरा मार्गच पहिला सुचवावा, कारण त्याला स्वतःचा फोन लागत नाही, मोजमाप तेथेच होते आणि समोर माणूस असतो.

चालू असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल विचारणे, रिपोर्ट दाखवणे, खाज-पुरळ, साधा सर्दी-खोकला, पुढे कोणत्या डॉक्टरांकडे जावे याची विचारणा, यासाठी ती उपयोगी आहे. छातीत दुखणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, गरोदर बाईला रक्त जाणे, साप चावणे, धाप लागलेले लहान मूल, यासाठी फोन लावायचा तो १०८ या रुग्णवाहिकेच्या नंबरलाच. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार झोपेच्या आणि गुंगी आणणाऱ्या काही औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना अशा भेटीत देताच येत नाही. रुग्णाने तशी अपेक्षा ठेवली असेल तर आधीच सांगावे, नाही तर ‘फोनवरचे डॉक्टर औषधच देत नाहीत’ अशी बोलवा होते.

खानापूरच्या जंगलपट्टीत रेंजच नाही. तिथे याचा काय उपयोग?

कणकुंबी, जांबोटीच्या वर आणि भीमगड अभयारण्यातील वाड्यांत पावसाळ्यात रस्ता तुटतो, वीज जाते आणि रेंज तर आधीच नसते. तेथे व्हिडिओवरील सल्ल्याची आशा दाखवणे ही फसवणूक होईल. त्या गावांत फोनचा एकच उपयोग आम्ही सांगतो आणि तो विनानेटवर्क चालतो: प्रत्येक चिठ्ठीचा, रिपोर्टचा आणि औषधाच्या पाकिटाचा उजेडात काढलेला स्पष्ट फोटो, एका वेगळ्या अल्बममध्ये. गळक्या घरात कागद भिजतात आणि फोटो टिकतो, हे तिथे कोणालाही समजावून द्यावे लागत नाही. कागद मात्र फेकू नयेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत; सगळे फोनमध्ये आहे म्हणून फाइल टाकून देणाऱ्या उत्साही नातवांना आवरावे लागते.

साधा बटणांचा फोन असेल तर?

१०४ वर आरोग्याची माहिती आणि सल्ला मिळतो, १४४१६ वर मानसिक त्रासाबद्दल चोवीस तास बोलता येते, १०८ वर रुग्णवाहिका मिळते. हे तीन नंबर फोनमध्ये साठवून, कोणत्या बटणावर कोण आहे ते दाखवून द्यावे. त्याहून अधिक काही आज त्या फोनवर शोधू नये.

माझा आजार सगळ्यांना कळेल, ही भीती खरी आहे का?

व्यवस्थेच्या बाजूने उत्तर असे आहे की नोंदी ज्या त्या रुग्णालयातच राहतात, दुसऱ्या डॉक्टरांना त्या दाखवायच्या असतील तर रुग्णाची संमती लागते, कोणत्या नोंदी आणि किती काळ हे संमतीत ठरते आणि ती मागे घेता येते. आभा खाते बंदही करता येते.

पण बाईची भीती बहुधा त्या व्यवस्थेची नसते. फोन घरातील सर्वांच्या हातात फिरतो, ही तिची अडचण आहे. क्षयरोगाच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये बँक खात्यात मिळतात आणि त्यासंबंधीचा संदेश जावेने वाचला तर दुसऱ्या दिवशी वेगळे ताट सुरू होते. त्यामुळे कोणत्या नंबरवर संदेश यावेत हे प्रत्येक वेळी रुग्णाला एकांतात विचारावे, पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करून द्यावी, आणि काही आजारांत फोनवर काहीच नको असे ती म्हणाली तर ते मान्य करावे. गर्भनिरोधक, गर्भपात आणि मानसिक त्रास या बाबतीत आम्ही स्वतःहून फोनचा विषय काढतच नाही.

फसवणुकीचे काय?

‘तुमचे आयुष्मान कार्ड बंद होणार आहे, ओटीपी सांगा’ असे फोन येतात. आभा किंवा आयुष्मान कार्डासाठी कोणीही समोरून फोन करून ओटीपी मागत नाही; ओटीपी आपण सुरू केलेल्या कामासाठीच येतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे. व्हॉट्सॲपवर कार्ड म्हणून आलेली फाइल उघडू नये.

आभा नसेल तर उपचार नाकारतात का?

आभा ऐच्छिक आहे आणि त्याअभावी उपचार नाकारता येत नाहीत. खिडकीवर कोणी हट्ट धरला तर वाद न घालता साध्या केसपेपरवर नोंदणी करण्याची विनंती करावी आणि तरीही अडले तर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे जावे.

आम्हाला वरून उद्दिष्ट दिलेले असते. ते कसे गाठावे?

आशाताईंवरचा हा ताण आम्हाला माहीत आहे. काढलेल्या क्रमांकांची संख्या वहीत लिहावी लागते ती लिहावीच, पण तिच्या शेजारी आपल्यापुरता एक रकाना आखावा: ‘पुन्हा वापरले’. तीन महिन्यांनी त्या घरी गेल्यावर रुग्णाने स्वतः एकदा तरी काही उघडले असेल तर तेथे खूण करावी. हा दुसरा रकाना कोणी मागत नाही आणि सुरुवातीला तो जवळजवळ रिकामा असतो. कोणत्या गल्लीत पुन्हा जायचे ते मात्र त्यावरूनच कळते.

पहिल्या भेटीला जाताना सोबत काय न्यावे?

चालू रिचार्ज असलेला स्वतःचा फोन, म्हणजे त्यांचा डेटा खर्च होणार नाही. जाड अक्षरांत लिहिण्यासाठी काळे पेन, कोऱ्या कागदाचे चार तुकडे, एक ओले फडके आणि चार्जर. फोन अर्ध्यावर बंद पडला की त्या घरी पुन्हा जाण्यासाठी आठवड्याच्या सुट्टीच्या दिवसाची वाट पाहावी लागते.